स्वतःच्या अॅप्लिकेशनमध्ये स्क्रिप्टिंग आणायचं आहे: लुआ, पायथन की बाहेरून नियंत्रण?

रेघोट्या

मंडळी, सी++ आणि क्यूटी ६ (खिडक्या-बटणांची लायब्ररी) मध्ये लिहिलेलं द्विमितीय रेखाटनाचं एक डेस्कटॉप अॅप्लिकेशन आहे. मेनूत साधारण ३०० कमांड आहेत. वापरणाऱ्यांना तेच तेच काम हाताने करायला नको आहे: ४०० फायली एकामागून एक उघडायच्या, ठरावीक लेयरची नावं बदलायची, त्यांवरच्या मजकुराची उंची २.५ मिलिमीटर करायची आणि पीडीएफ काढायची. काहींना टूलबारवर स्वतःचं बटण हवंय, तर काहींना फाइल उघडली की आपोआप तपासणी व्हायला हवी आहे.

आत बसवण्यासाठी लुआ ५.४, पायथन ३ किंवा क्यूटीचंच जावास्क्रिप्ट इंजिन डोक्यात आहे. दुसरा मार्ग म्हणजे आत काहीच न बसवता कॉम (विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाक मारण्याची सोय) किंवा सॉकेटचं दार उघडून द्यायचं, मग ज्याला जी भाषा हवी ती त्याने वापरावी.

अडलंय ते असं:

१. भाषा कोणती, आणि का?
२. सी++ मधल्या वस्तू स्क्रिप्टच्या हाती कशा द्यायच्या? रेघ पुसली गेली आणि स्क्रिप्टकडे तिचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) राहिला तर?
३. स्क्रिप्ट अनंत लूपमध्ये अडकली तर अॅप्लिकेशन न मारता ती थांबवायची कशी?
४. स्क्रिप्टने २,००० बदल केले तर अनडू २,००० वेळा दाबायचा का?

---

मधला_थर

भाषेचा प्रश्न शेवटी घ्या. तुमचा चौथा प्रश्न खरं तर पहिला आहे.

स्क्रिप्टिंग दोन प्रकारे फसतं. पहिला प्रकार म्हणजे स्क्रिप्टला मेनू दाबायला लावणं. 'फाइल मेनू उघड, तिसरी ओळ दाब, खिडकी आली की ओके दाब' अशी स्क्रिप्ट पुढच्या आवृत्तीत खिडकीत एक रकाना वाढला की मोडते. दुसरा प्रकार म्हणजे आतले सी++ वर्ग जसेच्या तसे उघडे करणं. मग तुम्हाला एखाद्या फंक्शनचं नावही बदलता येत नाही, कारण लोकांच्या स्क्रिप्ट त्यावर उभ्या असतात. हवा असतो तो दोन्हींच्या मधला थर: कागद, लेयर, रेघ, मजकूर, निवड, निर्यात. वापरणारा ज्या शब्दांत विचार करतो तेच शब्द.

ही जुनीच वाट आहे. ऑटोकॅडमध्ये १९८६ साली ऑटोलिस्प आलं, एक्सेल ५ मध्ये १९९३ साली व्हीबीए. टीसीएल तर जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीत मुळी याच कामासाठी लिहिली. प्रत्येक टूलसाठी नवी कमांड-भाषा घडवण्यापेक्षा कुठल्याही प्रोग्रॅममध्ये बसवता येईल अशी एक लायब्ररी असावी, ही त्यामागची कल्पना. एक्सेलचं व्हीबीए भाषा म्हणून कुणाला फार सुंदर वाटत नाही. तरी ते टिकलं, कारण वर्कबुक, शीट, रेंज ही रचना पक्की होती.

प्रत्यक्षात करायचं असं. प्रत्येक कमांडचे तीन तुकडे पाडा: खिडकी दाखवून माहिती घेणं, ती माहिती तपासणं, आणि काम करणं. पहिला तुकडा फक्त मेनूकडून चालतो. दुसरा आणि तिसरा मेनूकडूनही चालतो आणि स्क्रिप्टकडूनही. '३०० कमांड' ऐकून घाबरू नका. वर दिलेल्या कामांना त्यांतल्या २५-३० पुरतात, तेवढ्याच आधी करा. तिसऱ्या तुकड्यात एकही मेसेज-बॉक्स राहू देऊ नका. रात्री ४०० फायलींची स्क्रिप्ट लावून माणूस घरी जातो आणि सातव्या फायलीवर 'फाँट सापडला नाही, चालू ठेवू?' ही खिडकी सकाळपर्यंत उत्तराची वाट बघत बसते.

हा थर नीट झाला की मॅक्रो रेकॉर्डर जवळजवळ फुकटात मिळतो, कारण तिसऱ्या तुकड्याला आलेली प्रत्येक हाक लिहून ठेवली की झालं. त्यात एक्सेलच्या रेकॉर्डरची खोड मात्र घेऊ नका. तो 'हे सेल निवड, मग निवडलेल्यावर हे कर' असं दोन ओळींत लिहितो, आणि निवड जरा इकडची तिकडे झाली की मॅक्रो भलत्याच जागी काम करतो. रेकॉर्डरने वस्तूची ओळख लिहावी, निवड नव्हे.

ब्लेंडरमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. तिथे डेटाला थेट हात घालता येतो, आणि 'ऑपरेटर' नावाच्या कमांडही हाकता येतात. ऑपरेटर चालू संदर्भावर अवलंबून असतात: कुठली खिडकी, कुठला मोड, काय निवडलंय. संदर्भ जुळला नाही की 'पोल फेल्ड, कॉन्टेक्स्ट इज इनकरेक्ट' हा संदेश. नवशिक्यांचे निम्मे प्रश्न त्यावरच असतात.

आता अनडू. एक स्क्रिप्ट म्हणजे अनडूची एकच पायरी. क्यूटीच्या क्यूअनडूस्टॅकमध्ये (अनडूच्या पायऱ्यांची यादी) बिगिनमॅक्रो आणि एंडमॅक्रो त्यासाठीच आहेत. पण या दोन हाकांच्या मधल्या काळात तो स्टॅक बंद असतो. अनडू-रीडू चालत नाहीत. स्क्रिप्ट मध्येच चूक देऊन बाहेर पडली आणि एंडमॅक्रो राहून गेला, तर अनडूचं बटण मेलेलंच राहतं आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणून एंडमॅक्रो एखाद्या छोट्या वस्तूच्या डिस्ट्रक्टरमध्येच (वस्तू नष्ट होताना आपोआप चालणारं फंक्शन) टाका. चूक आली तर आधी मॅक्रो बंद करा, मग एकदा अनडू हाका, की कागद मूळ जागेवर. यात एक बारकावा असा की ते अर्धवट काम रीडूमध्ये शिल्लक राहतं. ते नको असेल तर बिगिनमॅक्रोऐवजी क्यूअनडूकमांडचा स्वतःचा वारस करा आणि त्याच्या अनडू फंक्शनमध्ये, बदल मागे घेऊन झाल्यावर, सेटऑब्सोलीट लावा. मग स्टॅक तो स्वतःहून काढून टाकतो.

---

शून्यापासून_एक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त आत बसवायचं असेल तर माझं मत लुआला. सगळ्या प्रमाणित लायब्ररी धरूनही इंटरप्रिटर काहीशे किलोबाइटमध्ये मावतो, परवाना एमआयटीचा, आणि सी कंपायलर सोडून दुसरी गरज नाही. १९९३ मध्ये रिओच्या पीयूसी विद्यापीठात ती जन्मली तीच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसण्यासाठी. रेडिस घ्या, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे अॅड-ऑन घ्या, सगळीकडे हाच उपयोग.

पण बसवताना पुढच्या जागी पाय घसरतो.

लायब्ररी: लुआएल_ओपनलिब्स हाकू नका. त्यात ओएस, आयओ आणि डीबग सगळं येतं. लुआएल_रिक्वायरएफने बेस, टेबल, स्ट्रिंग, मॅथ, यूटीएफ८ आणि कोरूटीन एवढंच घ्या. मग बेसमधून डूफाइल आणि लोडफाइल काढून टाका, आणि लोडला स्वतःचं वेष्टण घाला, म्हणजे मोड कायम 'टी', फक्त मजकूर, राहील. लुआ बाइटकोड (आधीच कंपाइल केलेली स्क्रिप्ट) तपासून घेत नाही. मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड लोड झाला तर इंटरप्रिटरच कोसळवता येतो. आयओ काढण्याला विंडोजवर आणखी एक कारण आहे. आयओ.ओपन सी लायब्ररीच्या एफओपनवर चालतं आणि ते नाव सिस्टीमच्या कोडपेजमध्ये वाचतं. देवनागरी नावाची फाइल तिथे बहुतेक वेळा उघडत नाही. फाइल वाचण्या-लिहिण्याची फंक्शनं क्यूफाइलवर बांधून तुम्हीच द्या.

वस्तू (प्रश्न २): सी++ पॉइंटर स्क्रिप्टला कधीच देऊ नका. फुल युजरडेटामध्ये (लुआत सी++ बाजूचा डेटा ठेवायची वस्तू) ८ बाइट ठेवा: ३२ बिट खणाचा क्रमांक, ३२ बिट पिढी. सी++ बाजूला खणांची एक यादी असते. रेघ पुसली की त्या खणाची पिढी एकने वाढवायची. प्रत्येक हाकेत लुआएल_चेकयूडेटाने आधी प्रकार तपासा, मग पिढी जुळवा. नाही जुळली तर 'ही रेघ आता अस्तित्वात नाही' अशी स्वच्छ चूक द्या. वापरणारा अनडू करतो तेव्हा वस्तू जातात आणि रीडूत परत येतात, म्हणून रीडूने आणलेल्या रेघेला जुनाच खण, जुन्याच पिढीसह द्यायचा की नवा, हे आधीच ठरवा. जुना द्यायचा असेल तर मधल्या काळात तो खण दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. स्क्रिप्ट चालू असताना वस्तू जिवंत ठेवण्यासाठी शेअर्ड पॉइंटर देण्याचा मोह होतो. मग पुसलेली रेघ लुआचा कचरा-गोळक येईपर्यंत मेमरीत राहते, आणि तो कधी येईल ते तुमच्या हातात नसतं.

चुका: लुआ_पीकॉलला (चुका पकडत कोड चालवणारी हाक) संदेश-हाताळणीचं फंक्शन द्या आणि त्यात लुआएल_ट्रेसबॅक हाका. पीकॉल परतल्यावर ट्रेसबॅक मागितला तर स्टॅक आधीच उलगडलेला असतो आणि हाती काही लागत नाही. 'ओळ ४२ मध्ये चूक' एवढं सांगून वापरणाऱ्याचं भागत नाही. ४२ पर्यंत कुठून आलो तेही दिसलं पाहिजे.

सी++ची मेख: सी म्हणून कंपाइल केलेली लुआ चूक आली की लाँगजंप करते, म्हणजे मधली फंक्शनं ओलांडून थेट उडी मारते. तुमच्या फंक्शनमध्ये स्थानिक एसटीडी-स्ट्रिंग असेल आणि खाली लुआएल_एरर झाला तर तिचा डिस्ट्रक्टर चालत नाही. मेमरी गळते, लॉक धरला असेल तर तो धरलेलाच राहतो. लुआचा स्रोत सी++ कंपायलरने बांधा, मग ती थ्रो-कॅच वापरते. मात्र त्यानंतर तुमच्या बाइंडिंगमध्ये (लुआकडून हाकल्या जाणाऱ्या सी++ फंक्शनमध्ये) 'कॅच सगळं' असेल तर लुआच्या स्वतःच्या चुकाही तिथेच गिळल्या जातात. उलट बाजूने, तुमचा एसटीडी-एक्सेप्शन लुआपर्यंत पोचला तर ती तो पकडते खरी, पण आतला संदेश फेकून देते. तेव्हा प्रत्येक बाइंडिंगमध्ये फक्त एसटीडी-एक्सेप्शन पकडा, संदेश लुआच्या स्टॅकवर ठेवा, आणि कॅचच्या बाहेर येऊन लुआ_एरर हाका.

स्टॅक: सी फंक्शनमध्ये शिरताना २० जागांची हमी असते. रेघेचे ५० बिंदू एकेक करून ढकलले आणि आधी लुआएल_चेकस्टॅक केलं नाही, तर मेमरी बिघडते आणि क्रॅश भलतीकडेच होतो. डीबग बांधणीत लुआ_यूज_एपीआयचेक चालू ठेवा, असल्या चुका जागच्या जागी पकडल्या जातात.

अनंत लूप (प्रश्न ३): लुआ_सेटहूक, मोजणीचा मुखवटा, दर १०,००० सूचनांनी; म्हणजे तेवढ्या सूचना झाल्या की लुआ तुमचं फंक्शन, हूक, हाकते. हूकमध्ये 'थांबवा' बटणाचा अणु-ध्वज (अॅटॉमिक फ्लॅग) बघा. वर असेल तर लुआएल_एरर. स्क्रिप्टने स्वतः पीकॉल लावून लूप फिरवला असेल तर ती तुमची चूक पकडून पुन्हा फिरतच राहील. म्हणून एकदा थांबवायचं ठरलं की हूकची मोजणी १ वर आणा, म्हणजे पीकॉलमधून बाहेर पडताक्षणी पुढच्याच सूचनेला पुन्हा चूक येते. हूक प्रत्येक कोरूटीनला (मध्येच थांबवून पुढे चालू करता येणारं काम) वेगळा असतो. नवं कोरूटीन जन्मताना आपल्या जन्मदात्याचा हूक घेतं, त्यामुळे तो स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच लावा. मोजणी १ वर आणताना मात्र हूकला ज्या लुआ_स्टेटमध्ये हाक आली ते आणि मुख्य, दोन्हींवर आणावी लागते.

सी फंक्शनच्या आत असताना हूक चालत नाही. स्ट्रिंग.फाइंडला लांब मजकूर आणि वेडावाकडा नमुना दिला तर तो थांबवता येत नाही. स्ट्रिंग.रेपने मेमरी खाल्ली तर त्यावर लुआ_न्यूस्टेटला स्वतःचा अॅलोकेटर देणं हा उपाय: २५६ मेगाबाइट झाले की शून्य पॉइंटर परत, लुआ 'नॉट इनफ मेमरी' म्हणून सावरते. वेगासाठी लुआजिट (चालता चालता कंपाइल करणारी लुआ) घ्यायचा विचार असेल तर जिटने कंपाइल केलेल्या लूपमध्ये हूक चालत नाहीत. हे माहीत नसताना थांबवा-बटण अर्धवट चालणारं होतं.

वापरणाऱ्यांच्या तक्रारी येतील त्या दोन: यादी १ पासून मोजली जाते, आणि ५.३ पासून १०/२ चं उत्तर ५ नसून ५.० येतं. लेयरचं नाव 'मजला ५.०' झालं की समजा कुणीतरी तिरक्या रेघेने भागाकार केलाय. तिथे दुहेरी तिरकी रेघ वापरायची.

---

अजगरमित्र

लुआ हलकी आहे हे मान्य. पण वापरणारे ४०० फायलींची नावं कुठून आणणार? स्प्रेडशीटमधून. निकाल कुठे टाकणार? दुसऱ्या स्प्रेडशीटमध्ये. पायथनमध्ये त्यासाठी लायब्ररी तयार आहेत, लुआमध्ये ते सगळं तुम्हाला स्वतः पुरवावं लागेल. ब्लेंडर, फ्रीकॅड, क्यूजीआयएस या सगळ्यांनी पायथन घेतलं त्यात हे मोठं कारण आहे.

किंमत मात्र मोजावी लागते.

पायथन स्वतःबरोबर द्या, मशीनवर असलेल्याच्या भरवशावर राहू नका. विंडोजसाठी पायथनचं 'एम्बेडेबल' पॅकेज झिप स्वरूपात मिळतं, त्यातल्या पीटीएच फायलीत शोधाचे मार्ग लिहून ठेवता येतात. सुरुवात पायकॉन्फिगच्या आयसोलेटेड रूपाने करा, ते ३.८ पासून आहे. तसं केलं नाही तर मशीनवरच्या पायथनहोम, पायथनपाथ या पर्यावरण-चलांमुळे भलतीच लायब्ररी उचलली जाते आणि 'नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज' म्हणत सुरुवातीलाच सगळं बसतं. हा संदेश दिसला की मार्ग चुकलाय असं समजायचं, एन्कोडिंगशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

पायरन_सिंपलस्ट्रिंग वापरू नका. स्क्रिप्टमध्ये कुणी एक्झिट लिहिलं की त्यातून सिस्टीमएक्झिट उठतो, आणि पायएरर_प्रिंट तो पाहून पूर्ण प्रोसेस बंद करतं. म्हणजे तुमचं अॅप्लिकेशन न साठवलेल्या कागदांसकट गायब, आणि क्रॅशची नोंदही नाही. कोड आधी कंपाइल करा, पायईव्हल_ईव्हलकोडने चालवा, आणि सिस्टीमएक्झिट आहे का ते छापण्याआधी तपासा.

खिडकीवाल्या विंडोज अॅप्लिकेशनमध्ये एसटीडीआउट 'नन' असतो आणि प्रिंट गुपचूप काहीच करत नाही. राइट आणि फ्लश या दोन मेथड असलेली वस्तू सिस.एसटीडीआउट आणि सिस.एसटीडीएररच्या जागी ठेवा, मजकूर तुमच्या कन्सोल-पॅनेलमध्ये वळवा. फ्लश विसरलात तर काही लायब्ररी तिथेच अडतात.

जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप: दुसऱ्या थ्रेडमधून पायथनला हाक मारायची तर पायजीआयएलस्टेट_एन्शुअर आणि रिलीज. नेहमीची कोंडी अशी की मुख्य थ्रेड जीआयएल धरून पीडीएफ-थ्रेड संपण्याची वाट बघतो, आणि पीडीएफ-थ्रेडला प्रगती कळवण्यासाठी तोच जीआयएल हवा असतो. ज्या बाइंडिंगमध्ये थांबायचंय तिथे थांबण्याआधी पाय_बिगिन_अलाउ_थ्रेड्स.

इंटरप्रिटर एकदाच सुरू करा आणि अॅप्लिकेशन बंद होईपर्यंत ठेवा. बंद करून त्याच प्रोसेसमध्ये पुन्हा सुरू केला तर नमपायसारखी एक्स्टेन्शन धड चालत नाहीत.

आणि सुरक्षेबद्दल स्पष्टच: पायथनमध्ये आतल्या आत कुंपण घालता येत नाही. बिल्ट-इन काढून टाकले तरी कुठल्याही वस्तूच्या वर्गापासून वर चढत सगळे उपवर्ग गाठता येतात. पायथनमध्ये रेक्सेक नावाचं मॉड्यूल होतं, ते २.३ मध्ये बंद केलं आणि ३ मध्ये काढून टाकलं. अनोळखी माणसाच्या स्क्रिप्ट चालवायच्या असतील तर वेगळी प्रोसेस आणि ऑपरेटिंग सिस्टीमचे निर्बंध, दुसरा इलाज नाही.

---

पाईपवाला

'वेगळी प्रोसेस' आलीच आहे तर बाहेरच्या नियंत्रणाबद्दल लिहितो. बाहेरच्या स्क्रिप्टचा क्रॅश तुमचं अॅप्लिकेशन पाडत नाही आणि भाषा ज्याची त्याला निवडता येते. त्रास सगळा हाकांच्या किमतीत आणि 'अॅप्लिकेशन आत्ता काय करतंय' या प्रश्नात आहे.

एक्सेलला कॉममधून चालवताना १०,००० सेल एकेक करून वाचले तर १०,००० वेळा प्रोसेसची सीमा ओलांडली जाते. तोच रेंज व्हॅल्यू२ ने एकदाच घेतला तर दुमितीय अॅरे एका हाकेत मिळतो. म्हणून तुमच्या एपीआयमध्ये पहिल्या दिवसापासून घाऊक हाका ठेवा. 'या लेयरवरच्या सगळ्या मजकुरांची उंची इतकी कर' ही एक हाक हवी. 'मजकूर क्रमांक न दे' ही हजारदा मारायची हाक नको.

वापरणारा सेलमध्ये टाइप करत असेल तर एक्सेल बाहेरची हाक नाकारतं, कोड ०क्स८००१०००१, 'कॉल वॉज रिजेक्टेड बाय कॉली'. चांगली स्क्रिप्ट थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करते, बहुतेक स्क्रिप्ट मरतात. तुमच्याकडे कुणी अर्धी रेघ ओढत असताना हाक आली तर काय? 'व्यस्त आहे' हे वेगळं उत्तर ठेवा, ते चुकांमध्ये धरू नका.

वेळेची मर्यादाही लक्षात असू द्या. अॅपलस्क्रिप्टमध्ये अॅपल इव्हेंटला उत्तर न आल्यास २ मिनिटांनी -१७१२ येतो, लिनक्सवरच्या डी-बसची (प्रोग्रॅमांतल्या हाकांची सोय) नेहमीची मर्यादा २५ सेकंद. ४०० पानांची पीडीएफ त्यात मावेलच असं नाही. लांब कामाला लगेच एक काम-क्रमांक परत द्या, प्रगती वेगळ्या हाकेने विचारू द्या.

स्वतःचा मार्ग काढायचा असेल तर विंडोजवर नेम्ड पाइप, इतरत्र युनिक्स सॉकेट, त्यावर जेसन-आरपीसी (जेसन मजकुरात हाका आणि उत्तरं). प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी लिहा; 'एकदा वाचलं की एक संदेश' हे गृहीतक छोट्या चाचण्यांत चालतं आणि ६४ किलोबाइटच्या संदेशावर तुटतं. टीसीपी पोर्ट शक्यतो उघडू नका. लोकलहोस्ट म्हणजे सुरक्षित नव्हे, ब्राउझरमधलं कुठलंही पान त्या पोर्टवर विनंती पाठवू शकतं. उघडलाच तर दर वेळी नवं टोकन, फक्त त्या वापरकर्त्याला वाचता येईल अशा फायलीत.

---

रेघोट्या

सगळ्यांचे आभार. कमांड तीन तुकड्यांत फोडायला घेतो. आत लुआ, आणि बाहेरून नेम्ड पाइपवर तोच मधला थर, असं ठरतंय. स्प्रेडशीटवाल्यांना पाइपमधून पायथन वापरता येईल.

एक उरलं. लुआ मुख्य थ्रेडवर चालवली तर खिडकी गोठते आणि ५ सेकंदांनी विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवतं. थांबवा-बटणही दाबता येत नाही. हूकमध्ये प्रोसेसइव्हेंट्स (साचलेल्या क्लिक आणि कळा हाताळणारी क्यूटीची हाक) हाकलं तर वापरणारा स्क्रिप्ट चालू असताना कागदच बंद करू शकतो. दुसऱ्या थ्रेडवर नेली तर कागदाला लॉक लावत बसावं लागेल. काय करावं?

---

शून्यापासून_एक

दुसरा थ्रेड नको. क्यूटीची दृश्य-रचना मुख्य थ्रेडवरच चालते, प्रत्येक हाक तिकडे पाठवून उत्तराची वाट बघण्यात वेगही जातो आणि कोंडीही होते.

स्क्रिप्ट एका कोरूटीनमध्ये चालवा. मोजणीच्या हूकमधून लुआ_यील्ड (स्क्रिप्ट तात्पुरती थांबवणं; लुआ_रिझ्यूम ती पुढे चालू करतं) करता येतं, अट एवढीच की परत देण्याच्या मूल्यांची संख्या शून्य हवी. हूकमध्ये बघा: गेल्या लुआ_रिझ्यूमपासून १५ मिलिसेकंद झाले का? झाले तर यील्ड. बाहेर क्यूटायमर शून्य मिलिसेकंदांचा लावून पुढचा रिझ्यूम. मधल्या फटीत खिडकी रंगते, बटण दाबलं जातं.

दोन खड्डे. टेबल.सॉर्टच्या तुलना-फंक्शनमध्ये किंवा स्ट्रिंग.जीसबच्या कॉलबॅकमध्ये असताना यील्ड करता येत नाही, 'अटेम्प्ट टु यील्ड अक्रॉस अ सी-कॉल बाउंडरी' येतं. म्हणून आधी लुआ_इझयील्डेबल विचारा; नसेल तर ती पाळी सोडून द्या. दुसरा: स्क्रिप्टने स्वतःचं कोरूटीन बनवलं असेल आणि त्याच्या आत हूक लागला तर तुमचा यील्ड तुमच्याकडे न येता स्क्रिप्टच्या कोरूटीन.रिझ्यूमकडे जातो. तिला वाटतं आपल्या कोरूटीनने मूल्याविना यील्ड केलं, आणि तिचं तर्कशास्त्र गुपचूप बिघडतं. हूकला मिळालेलं लुआ_स्टेट तुमच्या मुख्य स्क्रिप्ट-थ्रेडशी ताडून बघा, तेच असेल तरच यील्ड. इतर वेळी फक्त थांबवा-ध्वज तपासा.

---

मधला_थर

त्या फटींत वापरणाऱ्याला काय करू द्यायचं तेही ठरवा. झूम, सरकवणं, थांबवा: चालेल. संपादन, अनडू, फाइल बंद करणं: नाही. कागदावर 'स्क्रिप्ट चालू' असा ध्वज ठेवा आणि तो तिसऱ्या तुकड्याच्या दारात तपासा. फक्त मेनू राखाडी केला तर कीबोर्डचे शॉर्टकट आणि ओढून टाकलेल्या फायली आत घुसतात. पाइपवरून येणाऱ्या हाकांनाही याच दारात 'व्यस्त' मिळावं.

स्क्रिप्ट चालू असताना पुन्हा रंगवणं दर बदलाला नको, १५ मिलिसेकंदांच्या तुकड्याला एकदा. २,००० बदलांत सगळ्यात जास्त वेळ लुआत जात नाही, रंगवण्यात आणि बाजूच्या पॅनेलच्या सिग्नलांत जातो.

आणखी एक, क्यूटी-लुआ जोडीचा खास. लिनक्सवर क्यूअॅप्लिकेशन बनताना सिस्टीमची लोकेल (भाषा-देशाप्रमाणे आकडे लिहिण्याची पद्धत) लागू होते. जर्मन लोकेलवर लुआच्या स्ट्रिंग.फॉरमॅटमधून २.५ चं २,५ होतं आणि निर्यात केलेली सीएसव्ही फाटते. क्यूअॅप्लिकेशन बनल्यावर लगेच सेटलोकेलने एलसी_न्यूमेरिक 'सी' करून टाका.

---

पाईपवाला

'फाइल उघडली की आपोआप तपासणी' याबद्दल कुणीच बोललं नाही. स्क्रिप्ट कागदाच्या फायलीत साठवू देऊ नका, आणि कागदाच्या फोल्डरमधून आपोआप उचलूही नका. वर्डचा मेलिसा मॅक्रो १९९९ मध्ये दस्तऐवजातूनच पसरला. इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो ऑफिसने आपणहून अडवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. ऑटोकॅडमध्ये रेखाटनाशेजारी ठेवलेली एकॅड.एलएसपी फाइल आपोआप लोड होत असे, त्याच वाटेने व्हायरस फिरले आणि मग सिक्युअरलोड, ट्रस्टेडपाथ्स ही सुरक्षेची सेटिंग आणावी लागली.

आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये एकच फोल्डर ठेवा. तिथे फाइल ठेवणं हीच परवानगी. आणि शिफ्ट दाबून अॅप्लिकेशन उघडलं तर एकही स्क्रिप्ट सुरू न होण्याची सोय करा, नाहीतर सुरुवातीलाच लूपमध्ये जाणारी स्क्रिप्ट काढायला अॅप्लिकेशन उघडता येणार नाही.

---

रेघोट्या

शिफ्टची सोय आजच यादीत टाकली. एपीआयच्या आवृत्तीचं काय करावं? स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत क्रमांक मागावा का?

---

मधला_थर

हो, आणि एकच पूर्णांक पुरे. स्क्रिप्ट 'मला एपीआय ३ हवा' म्हणते, तुम्ही त्या क्रमांकाचं टेबल तिच्या वातावरणात ठेवता. लुआत हे सोपं आहे: लोडचा चौथा आर्ग्युमेंट म्हणजे स्क्रिप्टचं वातावरण. जुनी फंक्शनं काढू नका, नव्यावर वेष्टण घालून जुन्या टेबलात ठेवा. क्रमांक न लिहिलेली स्क्रिप्ट कायम १ समजा, 'सगळ्यात नवा' समजू नका. नाहीतर तुमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नेमक्या त्याच स्क्रिप्ट मोडतील ज्यांचा लेखक आता कुणाला सापडत नाही.